सह्याद्रीतल्या ओढ्यासारखी माशांची टाकी: अनुभव, प्रश्न, चर्चा

खळाळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मत्स्यालयांवर इथे धागे बरेच आहेत, पण ते एकतर गोल्डफिश-अँजेलचे, नाहीतर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावून फुलवलेल्या हिरव्यागार टाक्यांचे. आपल्याच घाटातला ओढा डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या टाकीबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. माझी टाकी पुण्यात आहे आणि नमुना म्हणून धरलाय तो मुळशीच्या वरच्या अंगाचा, आमच्या गावाजवळचा एक ओढा.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. अख्खा ओढा टाकीत आणता येत नाही, ओढ्यातली एक जागा आणता येते. कुठलाही ओढा शंभर पावलं चालून बघा. वर दगडांवरून पाणी फुटत, उसळत येतं. तिथे मळ्या (गारा मुल्या) दगडाला चिकटून असतो, दगडांखाली लोच (तळाशी राहणारे लांबट, बारीक मासे) असतात. जरा खाली पाणी एका धारेत पळतं, तिथे डेवारिओंचा (थव्याने पोहणारे चपळ, छोटे मासे) थवा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याखाली डोह, तिथे खवली आणि रासबोरा हे छोटे मासे. आणि काठाच्या मुळ्यांत, जवळजवळ थांबलेल्या पाण्यात डोकऱ्या (मरळीच्या कुळातला छोटा मासा). या चारही ठिकाणी पाण्याचा वेग वेगळा, तळ वेगळा, अन्न वेगळं. चार फुटी टाकीत हे सगळं कोंबलं की कुठलाच मासा सुखात राहत नाही. म्हणून आधी जागा ठरवायची, दुकानात मग जायचं.

मी धार आणि तिच्या कडेचा दगडी भाग निवडला. टाकी ४ × १.५ × १.५ फूट, म्हणजे २५५ लिटरच्या आसपास. दगड-वाळू गेल्यावर पाणी साधारण २०० लिटर उरतं. प्रवाहासाठी एका टोकाला ताशी २००० लिटरचे दोन पॉवरहेड (पाणी जोराने पुढे फेकणारे, टाकीत बुडवायचे पंप), दुसऱ्या टोकाला दोन मोठे स्पंज, आणि दोन्ही टोकं वाळूखालून पीव्हीसी पाइपने जोडलेली. पाणी स्पंजातून गाळून पाइपात शिरतं, खालून या टोकाला येतं आणि पॉवरहेड ते पुन्हा पुढे फेकतात. त्यामुळे वरचं सगळं पाणी एकाच दिशेने वाहतं. नुसता पॉवरहेड भिंतीला चिकटवला तर पाणी टाकीत गरगरतं. त्याला ओढा म्हणता येणार नाही. मासे सारखी दिशा बदलत राहतात आणि दमतात.

दगड काळ्या पाषाणाचे, नदीत घासून गोल झालेले, नारळापासून लिंबापर्यंत सगळ्या मापांचे. मोठे आधी थेट काचेवर (खाली थर्माकोलचा पातळ तुकडा), मग मधले, मग गोटे, शेवटी वाळू. वाळू आधी टाकून वर दगड ठेवले तर लोच खालून उकरतात आणि दगड घसरतो.

मासे: जायंट डॅनियो नावाने दुकानात मिळतात ते पैदाशीचे डेवारिओ, मोजके मळ्या आणि थोडे लोच. बस्स. पाच-सहा जातींची मिसळ केलेली नाही.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

---

मृण्मयी_सातारा

फार छान धागा, वाचतेय. दोन शंका. एक, वनस्पती अजिबात नाहीत का? दुसरी, काचेवर शेवाळ आलं की मी दर आठवड्याला घासून काढते. तुमच्या दगडांवर तर शेवाळच शेवाळ असेल ना?

---

खळाळ

मृण्मयीताई, दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देतो, कारण या टाकीचा जीव तिथेच आहे.

दगडावरचं शेवाळ पुसायचं नाही. ते आणि त्यात राहणारे सूक्ष्म जीव हेच मळ्याचं शेत आहे. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तो दिवसभर दगड खरवडत असतो. चांगल्या उजेडात नीट बघितलं तर हिरव्या-तपकिरी थरावर त्याने ओढलेले फिकट पट्टे दिसतात, बोटाच्या पेराएवढे, एकाशेजारी एक. दोन-तीन दिवसांत ते पट्टे पुन्हा भरून येतात आणि तो परत तिथेच चरायला येतो. स्वच्छ धुतलेल्या दगडांच्या नव्या टाकीत हा मासा सोडला तर तो फ्लेक्स खाईलही, पण हळूहळू पोट आत जातं. बाजारात मिळणारे 'हिलस्ट्रीम लोच' असेच खंगतात आणि लोक म्हणतात, नाजूक मासा आहे.

म्हणून मासे आणण्याआधी दगड पिकवायचे. गच्चीवर उन्हात एका टबात दगड पाण्यात बुडवून दीड-दोन महिने ठेवा. टबाला बारीक जाळी लावाच, नाहीतर डासांची पैदास होईल. नंतरही थोडे दगड टबात आणि थोडे टाकीत, असा फेर चालू ठेवला की चराई कधी संपत नाही. पुढची काच बघण्यापुरती पुसा, बाकी तिन्ही काचा माशांना सोडा.

वनस्पतींचं म्हणाल तर जोराच्या धारेत आपल्या ओढ्यांमध्ये पानांच्या वनस्पती जवळजवळ नसतात. खडकाला घट्ट चिकटून वाढणाऱ्या पोडोस्टेमेसी कुळातल्या असतात. पावसाळ्यात पाण्याखाली वाढतात आणि पाणी ओसरलं, खडक उघडा पडला की फुलतात. त्या टाकीत जगत नाहीत, खरवडून आणू नयेत. काठाचा संथ भाग केलात तर क्रिप्टोकोरायनी लावता येते. 'रेट्रोस्पायरॅलिस' आणि 'स्पायरॅलिस' दोन्ही आपल्याकडच्या आणि नर्सरीत वाढवलेल्या मिळतात.

---

वहाळकाठ

सिंधुदुर्गातून लिहितोय. आमच्याकडे पाषाण कमी, जांभा जास्त. वहाळाचा तळ तांबूस, पाणी उन्हाळ्यातसुद्धा गार, वर झाडांची दाट सावली. जांभ्याचे दगड चालतील का?

क्रिप्टोकोरायनीचा विषय निघालाय म्हणून एक विनंती. 'क्रिप्टोकोरायनी कॉग्नाटा' ही फक्त कोकणात सापडणारी वनस्पती आहे, आणि मोजक्या जागीच आहे. आमच्या भागात कुणी टाकीसाठी मुळासकट उपटून नेऊ नका. साताऱ्याकडच्या वायतुऱ्याचंही तेच. कासच्या पठारावर फुललेला बघायचा आणि तिथेच सोडायचा.

---

खळाळ

वहाळकाठ, विनंतीला शंभर टक्के अनुमोदन.

जांभा चालतो, पण त्याची तांबडी धूळ बरेच दिवस सुटत राहते. वाहत्या नळाखाली ब्रशने घासा, मग बादलीत ठेवून पाणी निवळ राहीपर्यंत बदलत राहा. धारदार कडा असलेला तुकडा नको, लोचांची पोटं सोलवटतात.

घाटावरच्यांसाठी: ओढ्याकाठचा दगड उचलताना त्याला पांढरी चुनखडी चिकटलेली नाही ना बघा. काळा पाषाण पाण्याला काही करत नाही, पण चुनखडीचे खडे पाणी जड करतात. शंका असेल तर दगडावर सौम्य ॲसिडचे दोन थेंब टाका (हातमोजे घालून, मोकळ्या हवेत). फसफसलं तर तो दगड बागेत.

तुमच्या वहाळाचा नमुना करायचा तर मी उजेड कमी ठेवेन, तळावर वाळलेली पानं टाकेन आणि प्रवाह मध्यम. जांभूळ, उंबर, बदाम, झाडावरून आपोआप गळलेली आणि पूर्ण वाळलेली पानं. हिरवी पानं सडतात आणि पाणी खराब करतात. पानांवर जो बुळबुळीत थर येतो तो पिल्लांना खायला उत्तम.

---

अश्विन_के

मिस केरळ कुणी सुचवला नाही याचं आश्चर्य वाटतंय. लाल पट्टा, काळा पट्टा, थव्याने पोहणारा, वाहत्या पाण्यातला, पश्चिम घाटातलाच. चार फुटी टाकीत सहा सोडले तर काय शोभा येईल!

---

खळाळ

मासा सुंदर आहे, वाद नाही. पण तो या ओढ्यातला नाही.

'सह्याद्रिया डेनिसोनी' केरळ आणि त्याला लागून दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांत सापडतो. वळपट्टणम, चालियार वगैरे. आपल्या मुळा-मुठेत, कोयनेत तो कधीच नव्हता. तुम्हाला चालियारच्या वरच्या अंगाची टाकी करायची असेल तर जरूर तसा बेत करा, पण मग टाकी पाच-सहा फुटी हवी. मासा बोटभर राहत नाही, वीतभराच्या जवळ जातो आणि लांब सूर मारतो.

आणि तो कुठून येतो हे विचारल्याशिवाय घेऊ नका. १८६५ साली शास्त्रीय नाव मिळालेला हा मासा १९९० च्या दशकात शोभेच्या माशांच्या जागतिक बाजारात पोचला आणि मग रानातून इतका उपसला गेला की आज तो आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) यादीत संकटग्रस्त आहे. त्याची पैदास आता मत्स्यफार्मवर होते. विक्रेता 'पैदाशीचा आहे' असं खात्रीने सांगू शकत नसेल तर सरळ नाही म्हणा. त्याच्याबद्दलचे सध्याचे सरकारी नियमही घेण्याआधी बघून घ्या.

---

डोहमासा

मी थोडी माशांच्या जातींबद्दल भर घालतो. कॉलेजात हाच विषय होता आणि अजून सुटलेला नाही.

महाराष्ट्रातल्या ओढ्यांचे मासे कमी रंगाचे म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण शास्त्राच्या दृष्टीने हा फार जुना आणि श्रीमंत मुलूख आहे. कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांची वर्णनं १८३९ साली छापली. मळ्या त्यातलाच, आणि 'मुरेह' हा लोचही. 'इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी' या लोचचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या माशांवरून केलं. खंडाळ्याच्या ओढ्यातून १९१९ मध्ये अ‍ॅनन्डेल यांनी 'पॅराप्सिलोऱ्हिंकस टेन्टॅक्युलॅटस' जगासमोर आणला. हा बोटभर मासा ओल्या खडकावर चिकटून धबधब्याच्या कडेने वर सरकतो. १९५३ मध्ये सायलस यांनी महाबळेश्वरकडच्या वेण्णा नदीतून एक छोटी खवली नोंदवली, तिच्या नावातच सह्याद्री आहे: आताचं नाव 'वायखोमिया सह्याद्रियेन्सिस'.

आणि हे संपलेलं नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या लोचला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव २०२० साली मिळालं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. विचार करा, देवळाजवळच्या रोजच्या वावरातल्या पाण्यात इतकी वर्षं हा मासा होता. मला राहून राहून वाटतं की ज्याने टाकीसमोर बसून लोच बघायची सवय लावून घेतली, त्यालाच ओढ्यात वाकून बघितल्यावर 'हा वेगळा दिसतोय' हे कळेल.

अर्थात तिथून एकही मासा काढायचा नाही, हे सांगायला नको.

---

मृण्मयी_सातारा

डोहमासा, अप्रतिम प्रतिसाद! वेण्णेच्या काठी लहानपण गेलं आणि हे माहीतच नव्हतं.

मग हे मासे मिळवायचे कसे? दुकानात यातलं काही दिसत नाही. भाऊ म्हणतो, पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला जातात तेव्हा आणून देतो.

---

डोहमासा

ताई, भावाला नको म्हणा. चढणीचे मासे अंडी घालायला वर निघालेले असतात. त्या आठ-दहा दिवसांत पोटात अंडी असलेल्या माद्या धरल्या की त्या ओढ्याची पुढच्या वर्षाची पिढीच गेली. खाण्यासाठी धरणं ही गावाची जुनी रीत आहे, तिच्यावर मी इथे बोलत नाही. पण हौसेच्या टाकीसाठी तो काळ पूर्ण वर्ज्य असावा. शिवाय गढूळ, जोराच्या पाण्यातून जाळ्यात आलेला मासा खवले निघून, जखमी होऊन येतो आणि आठवड्यात जातो.

---

खळाळ

सहमत. माझ्यापुरते मी ठरवलेले नियम सांगतो.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर मासाच काय, दगड आणि पानही नाही. कोयना, चांदोली, राधानगरी, भीमाशंकर, फणसाड, सगळीकडे. देवाच्या कोंडीतून नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत लोकांनी श्रद्धेने महसीर राखलेत. तिथे जाऊन काठावर बसा, मोठा मासा प्रवाहात कसा उभा राहतो ते बघा. टाकीसाठी त्याहून चांगली शाळा नाही. (महसीरचं पिल्लू टाकीत ठेवू नका. तो हातभर लांबीच्याही पुढे वाढणारा मासा आहे.)

फक्त एकाच ठिकाणी सापडणारी किंवा संकटात असलेली जात नाही. डोहमासांनी सांगितलेली वेण्णेची खवलीही मी त्यात धरतो. रानातून घ्यायचीच तर मळ्यासारखी सर्रास आढळणारी जात, तीही मोजकी. माझे मळ्या गावच्या ओढ्यातल्या मे महिन्यात आटत चाललेल्या डबक्यातले आहेत. पैदाशीचे डेवारिओ, झेब्रा डॅनियो दुकानात सहज मिळतात आणि दोन्ही आपल्या पाण्यातले आहेत. सुरुवात नुसत्या डेवारिओंच्या थव्यावर करा. धारेत पंधरा डेवारिओ उभे राहिले की दुसरं काही लागत नाही. झाकण मात्र घट्ट हवं, हे मासे फार उड्या मारतात.

---

परेश७७

मी मुंबईत. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी ३१ अंशांपर्यंत जातं. ओढ्याचे मासे तगतील का? की चिलरच लागेल? आणि लाइट गेली तर?

---

खळाळ

परेश, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाण्यातला प्राणवायू. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आणि गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, म्हणजे गरज वाढते तेव्हाच साठा घटतो. डोकऱ्या वर येऊन हवा गिळू शकतो, मळ्या आणि लोचांचं तसं नाही.

चिलर लागत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा बसेल असा छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत दोनच उतरतील असं धरून चाला. उडालेल्या पाण्याची भर घालताना आरओचं किंवा मऊ पाणी घाला, नाहीतर क्षार साठत जातात. पॉवरहेडचं तोंड असं ठेवा की पृष्ठभाग सतत फुटत राहील. उन्हाळ्यात खाणं निम्म्यावर आणा आणि मासे मुळातच कमी ठेवा. मुंबईच्या टाकीत मी दगडी धारेऐवजी कोकणातल्या काठाचा नमुना निवडेन. पिकू (पृष्ठभागाजवळ राहणारा छोटा मासा) आणि खवली, त्यांना उष्णता बरीच सोसते.

वीज जाण्याबद्दल: प्रवाहाच्या टाकीत हा सगळ्यात मोठा धोका आहे. थवा भरलेला असेल तर दोन-तीन तासांत मासे वर येऊन धापा टाकायला लागतात. बॅटरीवर चालणारा, वीज जाताच आपोआप सुरू होणारा एअर पंप मिळतो, तो टाकी घ्यायच्या दिवशीच घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर एक पॉवरहेड त्यावर टाका. याला दहा-वीस वॉटच लागतात.

---

वहाळकाठ

पावसाळ्याचं काय करता? आमच्या वहाळात जूनमध्ये एका रात्रीत पाणी बदलतं. माशांना ते कळतं, रंगच बदलतो.

---

खळाळ

वा, या प्रश्नाची वाट बघत होतो!

वर्षभर एकसारखं पाणी ठेवणं हे ओढ्याच्या माशांच्या स्वभावात बसत नाही. मी एप्रिलपासून पाणी बदलण्याचं प्रमाण कमी करतो, एक पॉवरहेड बंद ठेवतो, पातळी दोन-तीन इंच उतरू देतो. ओढा आटतो तसं. मग जूनच्या सुरुवातीला दोन्ही पॉवरहेड चालू आणि लागोपाठ काही दिवस तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, नेहमीपेक्षा दोन-तीन अंश गार आणि मऊ. पावसाचं पाणी वापरायचं असेल तर पहिल्या दोन-चार सरी वाहून जाऊ द्या, मगच धरा. पत्र्यावरचं नको, स्वच्छ गच्चीवरचं किंवा थेट पिंपात पडलेलं. नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं औषध घालून.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डेवारिओंच्या नरांच्या पोटाखाली केशरी छटा चढते. सकाळच्या पहिल्या उजेडात ते माद्यांच्या मागे धावायला लागतात आणि बारीक पानांच्या शेवाळ्यात अंडी टाकतात. अंडी खातातही तेच, म्हणून शेवाळ्याचा गुच्छ लगेच उचलून वेगळ्या डब्यात ठेवायचा. मळ्याने माझ्याकडे अजून अंडी घातलेली नाहीत. कुणाकडे घातली असतील तर कृपया सविस्तर लिहा.

---

अश्विन_के

पटलं. मिस केरळ रद्द, डेवारिओ नक्की. पिल्लं जास्त झाली तर ओढ्यात सोडायची ना? म्हणजे निसर्गाला परत दिल्यासारखं होईल.

---

डोहमासा

अजिबात नाही! इथलीच जात असली तरी नाही. दुकानातल्या पैदाशीचा मासा कुठल्या नदीच्या वाणाचा आहे माहीत नसतं, आणि टाकीतले रोग, परजीवी त्याच्याबरोबर जातात. पुण्याच्या नद्यांत आज गप्पी, तिलापिया कुठेही जाळं टाका, सापडतात. सकरमाशाने देशभरात किती पाणवठे व्यापलेत ते बघा. त्यातले कितीतरी कुणीतरी दया म्हणूनच सोडलेले असतात.

---

खळाळ

डोहमासांशी पूर्ण सहमत. टाकीतलं काहीही नदीत जाता कामा नये, बदललेलं पाणीसुद्धा झाडांना घाला, ओढ्याच्या दिशेने जाणाऱ्या गटारात नको.

अश्विन, जास्तीची पिल्लं दुकानदार घेतात, किंवा या धाग्यावर लिहा. मृण्मयीताई दगड पिकवायला लागल्याच असतील तर ऑगस्टपर्यंत त्यांची टाकी तयार होईल. माझ्याकडची पंधरा-वीस पिल्लं त्यांच्यासाठी बाजूला ठेवतो. ताई, तोवर झाकण आणि बॅटरीचा पंप घेऊन ठेवा आणि तुमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजून इथे टाका. बोअरचं पाणी असेल तर आधी बोलू.